विश्लेषण : ‘विक्रमी विक्री’ म्हणजे नेमकं काय? पावत्या किती फाडल्या की माल किती विकला?

महिन्याची पहिली तारीख उलटली की आकड्यांचा पाऊस सुरू होतो. यूपीआयवर किती व्यवहार झाले, गाड्या किती विकल्या गेल्या, मुंबईत किती घरांची नोंदणी झाली. हंगाम असेल तर हमीभाव केंद्रांवर किती शेतकऱ्यांनी माल आणला, याचीही भर पडते. मथळ्यात शब्द बहुतेक वेळा एकच असतो : ‘विक्रमी’.

या आकड्यांमध्ये दोन वेगळ्या जाती आहेत. काही आकडे नोंदी मोजून काढलेले असतात. किती व्यवहार, किती पावत्या, किती दस्त, किती शेतकरी. काही आकडे नोंदीतल्या प्रमाणांची बेरीज करून येतात. किती रुपये, किती क्विंटल, किती चौरस फूट. दोन्ही खरे असतात, पण ते एकाच प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. एकाच्या जागी दुसरा वापरला की वस्तुस्थितीचा एखादा मोठा तुकडा नजरेआड होतो. कधी त्यात बाजारातली मंदी लपते, तर कधी खरेदी केंद्राबाहेर ताटकळलेला शेतकरी.

नोंदी मोजणं आणि बेरीज करणं, यात फरक काय?

एका कृषी सेवा केंद्राची एका दिवसाची विक्रीवही डोळ्यासमोर आणा. उदाहरण काल्पनिक आहे, पण अशी वही गावोगावी असते.

पावती १ : युरिया २ गोण्या, डीएपी १ गोणी
पावती २ : युरिया २० गोण्या
पावती ३ : डीएपी १ गोणी
पावती ४ : युरिया ३ गोण्या, १०:२६:२६ खत २ गोण्या
पावती ५ : पावती २ मधल्या ग्राहकाने युरियाच्या ५ गोण्या परत केल्या

आता प्रश्न : आज किती विक्री झाली?

वहीतल्या ओळी मोजल्या तर सात भरतात, कारण पहिल्या आणि चौथ्या पावतीवर दोन-दोन वस्तू आहेत. पावत्या पाच आहेत. ग्राहक चारच, कारण दुसरी आणि पाचवी पावती एकाच माणसाची आहे. गोण्यांची बेरीज केली आणि परत आलेल्या पाच वजा केल्या तर २४ गोण्या होतात. सात, पाच, चार, चोवीस. यातला एकही आकडा खोटा नाही.

गंमत इथेच संपत नाही. युरियाची गोणी ४५ किलोची असते, डीएपीची ५० किलोची. त्यामुळे ‘२४ गोण्या’ ही बेरीजही दोन वेगळ्या मापांची आहे. किलोत मोजायचं तर युरियाच्या २० गोण्यांचे ९०० किलो आणि बाकी चार गोण्यांचे २०० किलो, म्हणजे ११०० किलो. तालुक्याला उद्या किती खत लागेल हे ठरवायचं असेल तर हा शेवटचा आकडा कामाचा. दुकानात आणखी एक माणूस ठेवावा का, हे ठरवायचं असेल तर पावत्या किती फाडल्या ते बघावं लागेल. आणि खत खरोखर किती जणांपर्यंत पोहोचलं हे जाणून घ्यायचं असेल तर ग्राहक मोजावे लागतील.

वहीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. परताव्याची ओळ मोजणीत ‘एक नोंद’ म्हणून जमा होते, बेरजेत मात्र वजा होते. म्हणजे माल परत आला की नोंदी वाढतात आणि विक्री घटते. सणासुदीच्या ऑनलाइन विक्रीत ‘इतक्या लाख ऑर्डर आल्या’ असं सांगितलं जातं, तेव्हा रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डर त्यात धरल्या आहेत की वगळल्या आहेत, हे म्हणूनच महत्त्वाचं ठरतं.

यूपीआयचा विक्रम : कोणता आकडा बघायचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयने एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. बातमी देशभर झळकली आणि ती खरी होती. जुलैमध्ये सुमारे १,९४७ कोटी व्यवहार झाले होते, ऑगस्टमध्ये ते २,००१ कोटींवर गेले.

आता दुसरा रकाना बघू. जुलैमध्ये यूपीआयवरून एकूण २५.०८ लाख कोटी रुपये फिरले होते. ऑगस्टमध्ये ही रक्कम २४.८५ लाख कोटींवर आली. त्याआधी मे महिन्यात ती २५.१४ लाख कोटी होती. म्हणजे व्यवहारांच्या संख्येत ज्या महिन्याने विक्रम केला, तोच महिना रकमेच्या हिशेबाने मे आणि जुलैच्या मागे होता. ‘यूपीआयचा विक्रमी महिना’ आणि ‘यूपीआयवरची उलाढाल घटली’ हे दोन्ही मथळे त्याच तक्त्यावरून देता आले असते.

वर्षाच्या हिशेबातही हेच दिसतं. २०२३-२४ मध्ये सुमारे १३,१०० कोटी व्यवहार आणि २०० लाख कोटी रुपये. २०२४-२५ मध्ये सुमारे १८,५८७ कोटी व्यवहार आणि २६१ लाख कोटी रुपये. संख्या ४२ टक्क्यांच्या आसपास वाढली, रक्कम ३० टक्क्यांच्या आसपास. एका व्यवहाराची सरासरी रक्कम त्यामुळे सुमारे १,५०० रुपयांवरून १,४०० रुपयांवर आली.

ही घसरण म्हणजे वाईट बातमी आहे का? तसं नाही. चहाची टपरी, भाजीची गाडी, रिक्षा इथे लोक दहा-वीस रुपये मोबाइलवरून देऊ लागले की संख्या झपाट्याने वाढते आणि सरासरी खाली येते. यूपीआय किती खोलवर रुजलं हे सांगायला संख्याच योग्य आहे. बँकांच्या सर्व्हरवर किती ताण येतो, हेही संख्येवरूनच कळतं. दहा रुपयांच्या व्यवहाराला आणि दहा हजारांच्या व्यवहाराला यंत्रणेचं काम जवळपास सारखंच लागतं.

मात्र याच संख्येवरून ‘देशातला पैसा आता यूपीआयनेच फिरतो’ असा निष्कर्ष काढला तर तो सपशेल चुकेल. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या पहिल्या सहामाहीच्या आकडेवारीनुसार देशातल्या डिजिटल आणि इतर बिगर-रोख व्यवहारांत संख्येने सुमारे ८५ टक्के वाटा यूपीआयचा होता. रकमेत हाच वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास होता. उलट, आरटीजीएसचा वाटा संख्येत अगदी नगण्य, ०.१ टक्का, पण रकमेत सुमारे ६९ टक्के. आरटीजीएसने किमान दोन लाख रुपये पाठवता येतात आणि मोठ्या कंपन्या व बँका ती वापरतात. बाजारपेठेतली गर्दी यूपीआयच्या रस्त्यावर दिसते, पण जड माल दुसऱ्याच रस्त्याने जातो.

यूपीआयच्या आकड्याला ‘विक्री’ समजण्यात आणखी एक अडचण आहे. मुलाने घरी पाठवलेले पैसे, मित्रांनी वाटून घेतलेलं हॉटेलचं बिल, भाडेकरूने घरमालकाला दिलेलं भाडं, हे सगळे व्यवहार त्यात येतात. दुकानदाराला किंवा व्यावसायिकाला केलेले व्यवहार संख्येने ६० टक्क्यांहून अधिक असले तरी रकमेत त्यांचा वाटा ३० टक्क्यांच्या आतच असतो. त्यामुळे यूपीआय वाढलं म्हणजे ग्राहकांची खरेदी तेवढीच वाढली, असं थेट म्हणता येत नाही.

सोयाबीनची खरेदी : शेतकरी मोजायचे की टन?

यूपीआयच्या बाबतीत चुकीचा आकडा वाचला तर फार तर गैरसमज होतो. सोयाबीनच्या बाबतीत त्याची किंमत शेतकऱ्याच्या खिशातून जाते.

२०२४-२५ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. दोन्हींतला फरक आठ-नऊशे रुपयांचा. साहजिकच हमीभाव केंद्रांवर रांगा लागल्या. ओलाव्याची अट आधी १२ टक्के होती, ती विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर १५ टक्के करण्यात आली. बारदान्याच्या टंचाईने अनेक ठिकाणी खरेदी रखडली. मुदत वाढवून आधी ३१ जानेवारी आणि मग ६ फेब्रुवारी २०२५ पर्यंत नेण्यात आली.

खरेदी थांबली तेव्हा राज्य सरकारने दिलेली आकडेवारी अशी होती : सुमारे ११ लाख २१ हजार टन सोयाबीन, सुमारे ५ लाख ११ हजार शेतकऱ्यांकडून. महाराष्ट्राने देशात सर्वाधिक खरेदी केली, असं सरकारचं म्हणणं. विरोधक आणि शेतकरी संघटना सांगत होत्या की, नोंदणी करूनही लाखो शेतकरी तसेच राहिले. ऐकणाऱ्याला वाटावं, यातलं कोणीतरी एक खोटं बोलतंय. प्रत्यक्षात दोन्ही बाजू वेगवेगळे रकाने वाचत होत्या.

सरकार टनांची बेरीज सांगत होतं. खरेदीचं उद्दिष्ट सुमारे १४ लाख १३ हजार टनांचं होतं. त्या हिशेबाने जवळपास ७९ टक्के काम झालं होतं आणि हा आकडा आधीच्या हंगामांच्या तुलनेत नक्कीच मोठा होता.

संघटना माणसं मोजत होत्या. केंद्रांवर नोंदणी सात लाखांहून अधिक शेतकऱ्यांनी केली होती आणि माल विकला गेला पाच लाख ११ हजार जणांचा. उरलेल्या सुमारे दोन लाखांहून अधिक शेतकऱ्यांच्या दृष्टीने खरेदी ७९ टक्के नव्हे, शून्य टक्के झाली होती. त्यांच्या हातात नोंदणीची पावती होती आणि घरात सोयाबीनची थप्पी.

इथे तिसरा प्रश्नही येतो, ज्याकडे दोन्ही बाजूंचं फारसं लक्ष नव्हतं : एकूण पिकापैकी किती? त्या वर्षी राज्यात सोयाबीनचा पेरा सुमारे ५० लाख हेक्टर होता. हेक्टरी दहा क्विंटल इतका माफक उतारा धरला तरी पीक ५० लाख टनांच्या घरात जातं. त्यातलं ११ लाख टन म्हणजे पाचातला एक हिस्सा. याचं एक कारण केंद्राच्या मूल्य समर्थन योजनेतच आहे. या योजनेत सोयाबीनसारख्या पिकाची खरेदी साधारणपणे राज्याच्या उत्पादनाच्या २५ टक्क्यांपर्यंतच मंजूर होते. मर्यादा टनांवर घातली जाते, पण नोंदणी माणसांची होते आणि तिला अशी मर्यादा नसते. नोंदणीचा आकडा फुगत जातो आणि टनांचा आकडा छताला टेकतो. दोन्हींमधल्या फटीत शेतकरी अडकतो.

सरासरी काय लपवते?

११ लाख २१ हजार टनांना ५ लाख ११ हजारांनी भागलं तर एका शेतकऱ्यामागे सुमारे २२ क्विंटल येतात. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण तो कोणाच्याही वाट्याला आला असेलच असं नाही.

उदाहरणादाखल दहा शेतकरी घ्या. नऊ जणांनी प्रत्येकी १२ क्विंटल घातलं आणि एकाने ११२ क्विंटल. बेरीज २२०, सरासरी २२. दहापैकी एकानेही २२ क्विंटल विकलेलं नाही, तरी अहवालात ‘सरासरी २२’ असंच छापून येईल. एका शेतकऱ्याकडून किती माल घ्यायचा, याला जिल्ह्याच्या उत्पादकतेनुसार हेक्टरी मर्यादा असते. तरीही ज्याच्याकडे जमीन जास्त, त्याचा वाटा जास्त, हे त्यातून बदलत नाही.

म्हणून ‘किती शेतकऱ्यांना लाभ झाला’ आणि ‘किती टन खरेदी झाली’ हे दोन्ही आकडे मिळाल्यावरही चित्र अर्धंच असतं. पाच क्विंटलच्या आत किती जणांनी विकलं, पाच ते वीस क्विंटल किती जणांनी, त्याहून जास्त किती जणांनी, अशी वर्गवारी हवी. ही माहिती केंद्रांच्या संगणकात असतेच, कारण प्रत्येक शेतकऱ्याचं वजन आणि रक्कम स्वतंत्र नोंदवली जाते. पत्रकार परिषदेत मात्र ती क्वचितच येते.

गाड्यांच्या बाबतीत मोजणी पुरते का?

एक नोंद म्हणजे एकच नग, अशी जिथे खात्री असते तिथे मोजणी आणि बेरीज एकच उत्तर देतात. मोटार हे त्याचं सोपं उदाहरण. एका नोंदणी क्रमांकावर दोन गाड्या नसतात. तिथे प्रश्न वेगळा असतो : नोंद नेमकी कोणत्या घटनेची?

वाहन उत्पादकांची संघटना सियाम जे आकडे देते, ते प्रामुख्याने कारखान्यातून वितरकाकडे रवाना झालेल्या गाड्यांचे असतात. वितरकांची संघटना फाडा परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीतली नोंदणी मोजते, म्हणजे ग्राहकाच्या नावावर झालेली गाडी. २०२४-२५ मध्ये सियामच्या हिशेबाने देशांतर्गत प्रवासी वाहनं सुमारे ४३ लाख होती, फाडाच्या हिशेबाने सुमारे साडेएकेचाळीस लाख. फरकाचा काही भाग तेलंगणाचा आहे, कारण त्या राज्याची नोंदणी ‘वाहन’च्या आकडेवारीत धरलेली नव्हती. बाकीचा फरक वितरकाच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांचा असू शकतो.

हा केवळ तांत्रिक वाद वाटत असेल तर सप्टेंबर २०२४ आठवा. त्या महिन्याच्या अहवालात फाडाने सांगितलं होतं की, वितरकांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतका साठा, म्हणजे सुमारे ७ लाख ९० हजार गाड्या, पडून आहे आणि त्याची किंमत ७९ हजार कोटी रुपये आहे. कंपनीच्या वहीत या गाड्या ‘विकलेल्या’ होत्या. वितरकासाठी त्या बँकेच्या कर्जावर व्याज वाढवत उभ्या होत्या. एकच गाडी एका अहवालात विक्री होती आणि दुसऱ्या अहवालात साठा.

मुंबईतली घरं : दस्त, सदनिका की महसूल?

मुंबईत दर महिन्याला किती मालमत्तांची नोंदणी झाली, ही बातमी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या माहितीवरून येते. २०२४ मध्ये शहरात १ लाख ४१ हजारांहून अधिक नोंदणी झाल्या आणि राज्याला १२ हजार कोटी रुपयांहून अधिक मुद्रांक शुल्क मिळालं. दस्तामागे सरासरी साडेआठ लाख रुपये शुल्क. साध्या सदनिकेचा ग्राहक हा आकडा ऐकून दचकेल. पण कोट्यवधींच्या मोजक्या घरांनी सरासरी वर खेचलेली असते, हे सोयाबीनच्या उदाहरणावरून लक्षात येईल.

इथे मोजला जातो तो दस्त. दस्त म्हणजे नवं घर असेलच असं नाही. जुन्या घराची फेरविक्री असते, दुकान किंवा कार्यालय असतं. शिवाय दस्त ज्या महिन्यात नोंदला गेला, त्याच महिन्यात घर विकलं गेलं, असंही समजता येत नाही.

करोनाकाळात याचं ठळक उदाहरण दिसलं. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोन टक्के केलं. ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत होती आणि त्यानंतर मार्च २०२१ पर्यंत शुल्क तीन टक्के राहणार होतं. डिसेंबरमध्ये मुंबईत १९ हजारांहून अधिक नोंदणी झाल्या. त्यातच दस्तावर सह्या झाल्यानंतर चार महिन्यांच्या आत तो नोंदवण्याची कायद्याने मुभा आहे. अनेकांनी डिसेंबरमध्ये शुल्क भरून ठेवलं आणि नोंदणी पुढच्या महिन्यांत केली. म्हणजे व्यवहार ठरला एका महिन्यात, पैसे जमा झाले दुसऱ्या महिन्यात आणि नोंद मोजली गेली तिसऱ्या महिन्यात. दर कमी असल्याने दस्तांची संख्या उसळी घेत असताना प्रत्येक दस्तामागचा महसूल घटत होता. ‘बाजार तेजीत’ आणि ‘तिजोरीला फटका’ ही दोन्ही वाक्यं एकाच काळाबद्दल खरी होती.

चूक नेमकी कुठे होते?

प्रत्येक वेळी कोणी मुद्दाम दिशाभूल करतंच असं नाही. बऱ्याच चुका कार्यालयातल्या साध्या स्प्रेडशीटमध्ये जन्म घेतात.

पहिली चूक अगदी किरकोळ दिसते. ‘गोण्या’ या रकान्यात कोणी ‘२०’ ऐवजी ‘२० गोण्या’ असं लिहिलं की संगणक त्याला आकडा न मानता मजकूर मानतो. अशा रकान्यावर पिव्होट तक्ता केला की एक्सेल आपणहून बेरीज करण्याऐवजी मोजणी करून देऊ शकतं. तक्ता नीटनेटका दिसतो, आकडेही येतात. पण २० गोण्यांच्या जागी तिथे फक्त ‘१’ धरलेला असतो.

दुसरी चूक उलट्या बाजूची. मघाचीच वही घ्या. पहिल्या पावतीवर युरियाच्या दोन गोण्या आणि डीएपीची एक गोणी होती. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांची आणि डीएपीची १,३५० रुपयांची धरली तर पावतीची रक्कम १,८८३ रुपये होते. वस्तूंची यादी आणि पावत्यांची यादी संगणकावर जोडली की ही एकूण रक्कम दोन्ही वस्तूंच्या ओळींसमोर येते. मग त्या रकान्याची बेरीज केली की १,८८३ च्या जागी ३,७६६ रुपये जमा होतात. जितक्या वस्तू, तितक्या वेळा तीच रक्कम. मोजणीने विक्री कमी दाखवली होती, इथे बेरजेने ती दुप्पट केली.

तिसरी चूक माणसं मोजताना होते. एकच शेतकरी तीन वेळा खत घेऊन गेला तर तीन नोंदी होतात. ‘तीन लाभार्थी’ म्हणायचं की एक? अनुदानित खत ई-पॉस यंत्रावर आधार क्रमांकासह विकलं जातं, त्यामुळे एकाच व्यक्तीच्या नोंदी ओळखून त्यांना एकदाच मोजणं शक्य असतं. पण त्यासाठी ‘वेगळ्या व्यक्ती किती’ असा प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो. न विचारता मोजलं तर लाभार्थ्यांची संख्या आपोआप फुगते आणि ती फुगलेली कोणाला खुपतही नाही.

मग बातमी वाचताना काय बघायचं?

एक, एका नोंदीचा अर्थ काय? ओळ म्हणजे पावती, वस्तू, माणूस की दिवस, हे कळल्याशिवाय संख्येला अर्थ नाही.

दोन, माप कोणतं? गोणी, क्विंटल, रुपये की नग. वेगवेगळ्या मापांची बेरीज झाली आहे का, हेही तपासावं.

तीन, नोंद कोणत्या टप्प्यावरची? नोंदणी, माल रवाना होणं, विक्री आणि पैसे मिळणं हे चार वेगळे टप्पे आहेत. पहिल्या टप्प्याचा आकडा बहुतेक वेळा सर्वात मोठा असतो. आणि सहसा तोच सर्वात आधी जाहीर होतो.

चार, परतावे आणि रद्द झालेले व्यवहार वजा केले आहेत का?

पाच, कशापैकी किती? ११ लाख टन हा आकडा एकटा मोठा दिसतो. तो उद्दिष्टाशी, नोंदणीशी आणि एकूण पिकाशी ताडून बघितला की त्याचे तीन वेगळे अर्थ निघतात.

यातल्या एकाही प्रश्नाला गणिताचं खास ज्ञान लागत नाही. आठवडी बाजारात बसणारी भाजीवाली हे रोज करते. दिवसभरात किती गिऱ्हाईकं आली आणि गल्ल्यात किती जमा झाले, हे दोन्ही हिशेब तिच्या डोक्यात वेगळे असतात. गर्दी झाली पण धंदा झाला नाही, हे वाक्य तिला समजावून सांगावं लागत नाही.

पुढे काय?

२०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये ठरला, आधीच्या वर्षापेक्षा ४३६ रुपये जास्त. भाव वाढला तरी आकडेवारीची रीत तीच आहे. हंगाम सुरू झाला की पहिल्यांदा नोंदणी उघडते, त्यामुळे पहिला आकडा नोंदणीचा येतो. क्विंटल नंतर मोजले जातात आणि पैसे खात्यावर जमा झाल्याचा आकडा सगळ्यात शेवटी, तोपर्यंत बातमी शिळी झालेली असते.

हे बदलायला नवा कायदा किंवा नवी यंत्रणा लागत नाही. नोंदणी केलेले शेतकरी, प्रत्यक्ष विकलेले शेतकरी, खरेदी झालेले क्विंटल आणि खात्यावर जमा झालेले रुपये, हे चार रकाने तालुकावार, दर आठवड्याला एकाच तक्त्यात शेजारीशेजारी छापले तरी पुरे. पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातली वजाबाकी म्हणजे अजून थांबलेले लोक. ती वजाबाकी हंगाम चालू असताना दिसली तर बारदाना कुठे कमी पडतोय, कोणतं केंद्र मागे आहे, मुदत कुठे वाढवायला हवी, हे वेळेत कळेल. मुदत संपल्यावर दिसली तर तिच्यावर फक्त वाद घालता येतो, कारण तोपर्यंत उरलेलं सोयाबीन व्यापाऱ्याच्या काट्यावर, मिळेल त्या भावाने, गेलेलं असतं.